पट्टी बदलून बघू

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दुपारी बाहेर ऊन रणरणत असलं, तरी आत दिवा लावल्याशिवाय स्क्रू दिसायचा नाही. तिथे लॅपटॉप दुरुस्त करणारा तो माणूस हाताचा सच्चा आणि तोंडाचा वाचाळ होता. घरी तो आणि बायको, दोघंच. पाळणा हलला नाही, आणि दोघांनी त्याचं दुःख करणंही कधीच सोडून दिलं होतं.

त्या दुपारी एक बाई पिशवीत लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांची मुलगी आजारपणात गेली होती. दवाखान्यातून तिने आईसाठी त्याच लॅपटॉपवर आवाज भरून ठेवला होता. तो लावला की "आई, मी घरी आले की..." एवढंच ऐकू यायचं आणि पडदा निळा पडून लॅपटॉप बंद व्हायचा. बाईंना पुढचं वाक्य हवं होतं, बाकी काही नको. गेलेल्या पोरीचं एक अर्धं वाक्य उराशी धरून जगणाऱ्या माणसाकडे बघवत नाही.

त्याने तपासणी लावली. यात यंत्र मेमरीत काहीतरी लिहितं आणि तेच परत वाचून बघतं. इथे लिहिलं जात होतं एक आणि वाचलं जात होतं भलतंच. पडद्यावर लाल ओळी साचत गेल्या. त्याने मेमरीची, म्हणजे रॅमची, पट्टी काढली, टोकं खोडरबरने घासली, परत बसवली. लाल ओळी काही हटेनात. पट्टीला जळक्या केसांसारखा वास येत होता.

"मेमरी गेलीय, ताई. बदलावी लागेल."

बाई दचकल्या. "मेमरी बदलली तर... तिचं काही जाणार नाही ना, दादा?"

गिऱ्हाइकं नेहमी हेच विचारतात. तो हसला. मुलीचा आवाज डिस्कवर आहे, पट्टीत काहीच उरत नसतं, वीज गेली की ती कोरी, असं त्याने समजावलं. नवी पट्टी हाताशी नव्हती, म्हणून या धंद्यात सगळेच करतात ते त्यानेही केलं. स्वतःच्या घरचा लॅपटॉप त्या दिवशी दुकानातच होता, त्याची पट्टी काढून बाईंच्या लॅपटॉपमध्ये बसवली.

यंत्र कुरकुर न करता सुरू झालं. दमलेला, बारीक आवाज आला.

"आई, मी घरी आले की खिडकीजवळचा पलंग माझा हं."

त्याने वर पाहिलं. बाई शांत होत्या, कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तशा.

"गोड आवाज आहे. कोणाची मुलगी?"

"ताई... तुमचीच."

"माझी?" त्या कसनुसं हसल्या. "मला कुठलं मूलबाळ, दादा." लॅपटॉप आपला नाही, आपण इथे कशाला आलो तेच आठवत नाही, असं म्हणत त्या उठल्या आणि रिकामी पिशवी हलवत उन्हात निघून गेल्या. त्याने हाका मारल्या, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

घाईघाईने त्याने जुनी पट्टी परत बसवली. लॅपटॉप सुरूच होईना. घासून पाहिली, उलटसुलट करून पाहिली. पट्टी पार मेली होती. तिच्यात जे काही होतं, ते आता कोणालाच परत देता येणार नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"अहो... झाला का चालू? पुढचं काय म्हणालीय ती?"

कोण ती, असं त्याला विचारायचं होतं. आपल्याला मुलगी नाही, हे त्याला अजून पक्कं ठाऊक होतं. तो ते मनातल्या मनात घोकत राहिला, पण घोकता घोकताच शब्द सुटे होत गेले. दवाखान्याचा जिना आठवला. तापलेलं कपाळ आठवलं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बायकोने घट्ट धरलेली बाही आठवली.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "घरी येऊन सांगतो. आपली चिमणी..."

मुलीला घरी चिमणी म्हणायचे, हे बाईंनी त्याला सांगितलंच नव्हतं.