फळ्यावरची भूमिती

खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज परत सरकवला. "सायन्सला घेता येणार नाही तुम्हांला. आर्ट्सची खिडकी पलीकडे आहे."

"पण मला डॉक्टर व्हायचंय," मी म्हणाले.

"व्हा की. पण बीजगणित-भूमिती कुठाय? इथे नुसतं अंकगणित दिसतंय. आणि गृहविज्ञान. चला, पुढचे कोण?"

पुढचा म्हणजे माझ्यामागे उभा असलेला एक किडकिडीत, उंच मुलगा. तो काही पुढे सरकला नाही. माझ्या खांद्यावरून त्याने माझी गुणपत्रिका सरळ वाचून काढली.

"शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्रात ब्याऐंशी," तो म्हणाला. "छान. आणि गणित सोडायला कुणी सांगितलं?"

"तुम्हांला काय करायचंय?"

"काही नाही. मला फ्रीशिपचा दाखला हवाय... तुम्ही बाजूला झालात तर मागता येईल."

मी बाजूला झाले. रडू येत होतं, पण एका परक्या माणसासमोर रडण्याइतकी मी भोळी नव्हते. नळापाशी जाऊन तोंड धुतलं आणि मगच दोन टिपं गाळली.

ही सत्तावन्न सालच्या जूनमधली, माटुंग्याच्या एका कॉलेजातली गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गावाहून मुंबईत उशिरा आल्यामुळे वर्गातल्या इतर मुलींपेक्षा मी दोन-तीन वर्षांनी मोठी. डॉक्टर व्हायचं हे मी फार आधी ठरवलं होतं, आणि आमच्या लालबागच्या चाळीत ते सगळ्यांना माहीत होतं. तिथेच तर घोटाळा झाला. आमच्या चाळीत कुणाचाही कसलाही फॉर्म आला की तो बुधाजीकाकांकडे जायचा. रेशनकार्ड, मनिऑर्डर, गिरणीतला रजेचा अर्ज, सगळं तेच भरायचे. नववीत विषय निवडायचा कागद आला तोही त्यांच्याकडेच गेला. काकांनी चष्मा लावला, गॅलरीत चार माणसं बसवली आणि विचारविनिमय केला.

"डाक्टराक माणसाचां शरीर म्हायती होयां," काका म्हणाले. "आकडे कित्याक? हिशोब काय तो कंपाउंडर करता."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. शरीरशास्त्र घेतलं, आजाऱ्याची पेज करायला यावी म्हणून गृहविज्ञान घेतलं आणि बीजगणित-भूमिती गाळली. वर्गात बाईंनी एकदा विचारलं होतं, "नक्की ना?" मी मोठ्या तोऱ्यात नक्की म्हणाले होते. तेव्हा दोष एकट्या बुधाजीकाकांचा नाही.

कॉलेजच्या फाटकाशी तो मुलगा पुन्हा भेटला. हातात दाखला होता.

"ऐका," तो म्हणाला. "ऑक्टोबरच्या परीक्षेला बाहेरून बसता येतं. राहिलेला तेवढा विषय द्यायचा. दोन पेपर. पास झालात तर पुढच्या जूनला हाच कारकून तुम्हांला आत घेईल."

"चार महिन्यांत? मला क्ष म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही."

"ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून तर शोधायचं." मग म्हणाला, "गुणपत्रिकेवर शाळा लालबागची दिसली. तिथल्या नाक्यावर समितीचा फळा आहे ना, तिथे मी रोज दुपारी येतो. अडलं तर विचारा."

"कशाला येता?"

"फळा लिहायला."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. नाक्यावरच्या आमच्या चाळीच्या खालीच, जिन्याशेजारी, संयुक्त महाराष्ट्र समितीचा मोठा काळा फळा होता. 'आज सायंकाळी सहा वाजता नरे पार्कवर जाहीर सभा', 'बेळगावात सत्याग्रह्यांना अटक', असं काहीबाही त्यावर रोज लिहिलेलं असायचं. ते अक्षर वर्षभर मी जाता-येता वाचत होते. गोल, टपोरं, एक ओळ वाकडी नाही. खरं सांगायचं तर बातमीपेक्षा अक्षरासाठीच थांबायचे. अन् ते अक्षर या काटकुळ्या हाताचं होतं.

त्याचं नाव लवू. भोईवाड्यात राहायचा, गणित घेऊन बी.एस्सी. करत होता. वडील नव्हते. आई रखमाबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती.

घरी मी सगळं सांगून टाकलं. माझे वडील दत्ताराम हे साच्यावर काम करणारे विणकर. आदल्या वर्षी सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे एकदा तोंडून गेलेला शब्द ते पाळत. त्यांनी कानावरची विडी काढून पेटवली. माझ्या मालवणच्या मामाने एक स्थळ आणून ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"दिवाळीपर्यंत थांबतंय मी," ते म्हणाले. "पास झालंस तर शीक. नाय झालंस, तर मामाक कळवतंय."

"आणि शिकवणी?" आईने, सुंदराबाईने, विचारलं. "परक्या झिलग्याबरोबर बसतली खंय?"

"फळ्यावर," मी म्हणाले. "सगळ्या चाळीसमोर."

बुधाजीकाकांना माझ्या अर्जाचं ऐकल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं. ते स्वतःहून म्हणाले, मी तिथे स्टूल टाकून बसेन. ते चार महिने एक दुपार न चुकता बसले.

आमचा वर्ग असा भरायचा. लवू दोन वाजता यायचा, फळ्याच्या डाव्या अर्ध्यात समितीची बातमी लिहायचा आणि उजव्या अर्ध्यात माझं गणित. पहिली पाळी सुटून गिरणीवाले लोंढ्याने यायच्या आत धडा आटपायचा. एकदा आटपला नाही. फळ्यावर भला मोठा त्रिकोण काढलेला, आणि वीस-पंचवीस कामगार त्याच्याभोवती जमले.

"काय रे लवू, सीमेचा नकाशा काय हा?" खात्याचा मुकादम, राजाराम जॉबर, याने विचारलं. "हे टोक बेळगाव ना?"

लवूने माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. मग अगदी गंभीरपणे टोकाला 'ब' लिहिलं.

"मग हे कारवार, आणि हे निपाणी," राजाराम म्हणाला. "बरोबर. तिन्ही आपलीच."

"तिन्ही कोन मिळून एकशे ऐंशी होतात," लवू म्हणाला. "एकही सोडून चालत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबला. त्या दिवसापासून आमच्या भूमितीत अ-ब-क राहिला नाही. प्रत्येक त्रिकोण ब-क-न झाला.

मी काही गरीब विद्यार्थिनी नव्हते. चूक झाली की माझंच कसं बरोबर, यावर भांडायचे.

"दोन ऋण मिळून धन कसं होईल?" मी एकदा अडूनच बसले. "वाईटात वाईट मिळवलं तर चांगलं होतं का कुठे?"

"मिळवायचं नाही, गुणायचं."

"तेच ते."

"नाही हो. आता बघा... तुम्ही हट्टी. मी हट्टी. पण चाललंय ना बरं?"

बुधाजीकाका स्टुलावर खाकरले. लवू लगेच फळ्याकडे वळला, आणि पुढची तीन गणितं त्याने माझ्याकडे न बघता सोडवली. त्याचे कान लाल झाले होते. माझे झाले होते की नाही, ते मला दिसायला मार्ग नव्हता.

श्रावणात तिरका पाऊस यायचा आणि प्रमेय अर्धं झाल्यावर पुसून जायचं. आम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहायचो. मी एका बाजूला, तो एका बाजूला, मधे बुधाजीकाका स्टुलासकट. त्याच्या सदऱ्याच्या बाहीला खडूची पूड लागलेली असायची. ती झटकावी असं मला रोज वाटायचं. एक दिवस काका वरती चहा आणायला गेले, तेव्हा मी झटकली.

तो हळूच म्हणाला, "दुसऱ्या बाहीलाही आहे."

"ती तुम्ही झटका."

"'तुम्ही' नको. 'तू' म्हण."

"बरं. ती तू झटक."

एवढंच. पण त्या रात्री माझं वर्गसमीकरण एकदाही चुकलं नाही, आणि मला झोपही लागली नाही.

ऑक्टोबरात पेपर झाले. भूमितीच्या पेपरात सवयीने मी सगळे त्रिकोण ब-क-न असेच काढून आले. बाहेर पडल्यावर ते ध्यानात आलं आणि मी लवूला सांगितलं. लवू म्हणाला, नावाचे मार्क नसतात, सिद्धतेचे असतात. पण निकाल लागेपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं. दिवाळी आली, गेली. मामाचं पत्र आलं. वडिलांनी ते न फोडता फळीवर ठेवलं आणि म्हणाले, निकाल दिवाळीच्या आत लागला नाही हा काय चेडवाचा दोष नव्हे.

डिसेंबरात निकाल आला. मी पास झाले. बीजगणितात त्रेपन्न, भूमितीत एकाहत्तर. बुधाजीकाकांनी चाळीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं की मी गणित शिकताना ते स्वतः हजर होते.

त्याच रविवारी रखमाबाई आमच्याकडे आल्या. हातात नारळ आणि साखरेचा पुडा, मागे लवू. मला पाहताच कळलं. मी हातातली परात खाली ठेवली.

"झिलाने माका सांगितल्यान," रखमाबाई आईला म्हणाल्या. "पोरगी माकाही पसंत आसा. पास झालां, हौस फिटली. वैशाखात बार उडवूया."

वडील खुशीत हसले. त्यांना लवू मनापासून आवडायचा. "आणि तिच्या शिकण्याचां?" त्यांनी विचारलं.

"बावीस वर्सां मशीनवर उभी आसंय मी," रखमाबाई म्हणाल्या. "आता पाय ऱ्हवले नाय. घराक सून होयी, भाकरी टाकूक. खोटां कित्याक बोलू?"

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचे पाय सुजलेले मला दिसत होते. आणि खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. लवू मला इतका आवडायचा की वैशाखसुद्धा लांब वाटला असता. हो म्हटलं असतं तर सगळे खूश. फक्त जूनमध्ये मी त्या खिडकीशी गेले नसते. त्या वर्षी नाही, आणि पुढे कधीच नाही.

लवू खाली जमिनीकडे बघत बसला होता. त्याचा मला भयंकर राग आला.

"मावशी," मी म्हणाले, "मला तुमचा लवू आवडतो. दुसऱ्या कुणाशी मी लग्न करणार नाही. पण मी आधी डॉक्टर होणार."

आईने कपाळावर हात मारून घेतला. पोरीने स्वतःच्या तोंडाने असं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती.

"किती वर्सां?" रखमाबाईंनी विचारलं.

"सात."

"सात वर्सां?" त्या लवूकडे वळल्या. "ऐकलंस? तोवर तू थांबतलंस?"

आता त्याने मान वर केली. "थांबतो, आई. भाकरी मला शिकव. मी टाकीन."

"आणि ह्यां नापास झालां तर?"

"तर पुन्हा ऑक्टोबरला बसेल."

आधी बुधाजीकाका हसले, दाराबाहेर उभं राहून ते सगळं ऐकत होते. मग वडील हसले. रखमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी साखरेच्या पुड्याकडे पाहिलं. आणलेली साखर परत न्यायची नसते. शेवटी त्यांनी पुडा आईच्या हातात दिला. "चाय तरी कर," म्हणाल्या. "सात तर सात."

निघताना त्या पुढे उतरल्या. लवू चपला घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळला. जिन्यात कुणी नव्हतं.

"बकुळा," तो हळूच म्हणाला, "फर्स्ट इयर, इंटर, मग मेडिकलची पाच वर्षं. आणि शेवटी हॉस्पिटलात काम करायचं एक वर्ष. सात नाही होत, आठ होतात."

"माहीत आहे मला."

"मग सात का सांगितलंस?"

"आठ म्हटलं असतं तर तुझी आई साखर घेऊन परत गेली असती."

त्याने माझा हात धरला... पहिल्यांदाच.

"आठव्या वर्षी काय सांगायचं तिला?"

"ते तू सांग," मी म्हणाले. "गणित तुझं आहे."