शेवटचा ड्रायव्हर

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ज्या घरात ती घडली ते माझ्या धाकट्या बहिणीचं, उल्काचं घर आहे आणि तिला यातलं अजून काहीच माहीत नाही. मला सगळं तिच्या नवऱ्याने सांगितलं.

जानेवारी २००४. मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी. सोमवार, संध्याकाळचे साडेपाच. तिकडे थंडीत त्या वेळेला मिट्ट काळोख होतो.

यतीन, म्हणजे आमचे जावई, पक्के पुणेरी. भूत समोर आलं तर आधी त्याचं ओळखपत्र मागतील. ऑफिसातल्या ओळखीने त्याने जुन्या ट्रकच्या शौकिनांच्या एका क्लबची वेबसाइट बनवून दिली होती. व्हिसामुळे पैसे घेता येत नव्हते, म्हणून फुकट.

त्यातलं त्याचं आवडतं पान स्कॅनियाचं. स्वीडनची ट्रक कंपनी, पण सुरुवात सायकलींची. म्हणून तिच्या चिन्हात सायकलचं दातेरी चाक, तीन दांड्यांचं. पुढे त्या चाकात ग्रिफिनचं डोकं आलं. ग्रिफिन म्हणजे अर्धा गरुड, अर्धा सिंह. साब कंपनीशी जोडणी झाली आणि १९८४मध्ये चाक गेलं, गोलात मुकुटवालं डोकं उरलं. त्याच सुमारास त्यांचे थोडे ट्रक न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या याच कोपऱ्यात, विकले गेले. मग कंपनीने इथून गाशा गुंडाळला.

क्लबकडे अशाच एका १९८७च्या ट्रकचे कागद होते. सगळी माहिती होती, फक्त 'शेवटचा ड्रायव्हर' ही जागा कोरी. यतीनच्या फॉर्मला कोरी जागा चालत नव्हती. तो नियम त्यानेच घातला होता. मग त्याने आपले सगळे आयटीवाले करतात तेच केलं. टेस्टिंगसाठी घरातलं नाव टाकलं.

स्वानंदी.

त्याची सात वर्षांची मुलगी. नाव काढायचं राहून गेलं आणि शुक्रवारी साइट सुरू झाली.

सोमवारी उल्का नेहमीप्रमाणे अजून लॅबमध्येच होती. यतीन कुकर लावत होता, आणि बाहेर...

फुस्स.

मोठा ट्रक थांबताना ब्रेकची हवा सुटते, तसा आवाज.

त्याने दार उघडलं. रस्ता रिकामा. ताज्या बर्फावर टायरची एक खूण नाही.

आत वळला, तर खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. त्या वाफेत एक चाक... दातेरी. तीन दांड्यांचं.

"स्वानंदी, हे तू काढलंस?"

"नो, बाबा."

मंगळवारी तीच वेळ. फुस्स... मग इंजिनाची घरघर. फळीवरचे कप किणकिणले.

चाकात आता चोच होती.

यापुढचं चिन्ह कोणतं, हे यतीनला पाठ होतं. त्या ट्रकच्या पुढच्या जाळीवर कोणतं होतं, तेही. मध्ये एकच दिवस उरला होता.

त्याने क्लबच्या म्हाताऱ्या सेक्रेटरीला, वॉल्टला फोन लावला. तो म्हणाला, ट्रकमध्ये खोट काहीच नव्हती. तीन ड्रायव्हर झाले आणि तिघेही आपापल्या घरीच, धडधाकट असताना अचानक वारले. त्या संध्याकाळी घरच्यांनी दारात ब्रेकचा आवाज ऐकला होता. तेव्हापासून ती जागा आम्ही कोरीच ठेवतो.

"ट्रक आता कुठे आहे?"

"भंगारात. अठ्ठ्याण्णव सालीच तोडला."

त्या रात्री यतीनने नाव पुसलं. 'माहीत नाही' लिहिलं. मेलेल्या ड्रायव्हरचं नाव लिहून पाहिलं. शेवटी सगळं पानच उडवलं.

सकाळी पान जागच्या जागी होतं.

स्वानंदी.

पोरीला घेऊन पळावं म्हटलं, तर कुठे? नाव तर तिच्याबरोबरच येणार.

बुधवारी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराजवळच बसला. साडेपाच झाले...

फुस्स.

काचेवर चाक नव्हतं. गोल होता. आत मुकुट घातलेलं डोकं.

स्वानंदी जिना उतरून आली. अंगात जाकीट, पायात बूट. तिला कोणीही काही सांगितलं नव्हतं.

"बाबा, ही सेज इट्स माय टर्न."

तिचा हात दाराच्या मुठीवर होता. यतीनने एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हाताने ते नाव खोडलं आणि आपलं लिहिलं. पान पुन्हा उघडलं...

यतीन.

या वेळी नाव टिकलं.

इंजिन मात्र बंद होईना. स्वानंदी दाराला कान लावून उभी.

"बाबा, नाऊ ही इज आस्किंग, व्हेन?"

यतीन कसाबसा म्हणाला, "सांग त्याला... तू कॉलेजला गेल्यावर."

तिने बंद दारातूनच ओरडून सांगितलं, "आफ्टर आय गो टु कॉलेज!"

बाहेर गिअर पडल्याचा आवाज.

मग घरघर हळूहळू लांब गेली.

आता २००८ चाललंय. स्वानंदीला यातलं काही आठवत नाही. पोरगी भलतीच हुशार निघाली. यतीन रोज स्वतः तिचा अभ्यास घेतो, अगदी हौसेने. गेल्या महिन्यात शाळेने कळवलं, हिला एक इयत्ता गाळून पुढे बसवू.

उल्का हरखून गेली. यतीनने फॉर्मवर सही केली नाही.

उल्काचा मला इकडे कॅरीला, म्हणजे मी राहतो त्या अमेरिकेतल्याच गावी, फोन आला. "दादा, तूच समजाव यार त्याला. बापच पोरीच्या आड येतो म्हणजे काय!"

मी म्हटलं, "राहू दे गं. शिकू दे तिला सावकाश."

ती माझ्यावरही चिडली आहे.

चिडू दे.