आई यायचीये अजून

आमची जुनी गाडी म्हणजे म्हैस. नाव नवऱ्यानंच ठेवलेलं. करड्या रंगाची, रुंद, चढावर धापा टाकणारी, पण पोटात काहीही मावायचं: मुलीची ढकलगाडी, तिची उशी, आठवड्याचं सामान, एकदा तर अख्खं कपाट. मागच्या सीटच्या शिवणीत बिस्किटांचा चुरा असा काही जिरला होता, की झाडून काढायचा नाद मी सोडून दिला होता. उन्हात गाडी तापली की आतून दुधाचा आणि ओल्या मोज्यांचा वास यायचा. मागे घेताना एक धून वाजायची, आणि तिचा शेवटचा सूर उतरलेला होता. बॅटरीमुळे, असं मेकॅनिक म्हणायचा. मला तो सूर रोज खटकायचा. माझं कामच आवाजाचं आहे.

मी कान तपासते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि आवाज बारीक बारीक करत न्यायचा. "ऐकू आला की बोट वर करा. अगदी पुसटसा आला तरी." दिवसभर मी काचेपलीकडची बोटं बघत असते. मुलीलाही हा खेळ भारी आवडायचा. स्वयंपाकघरात नळ ठिबकला, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली, की हिचं बोट वर. सतत गुणगुणते म्हणून तिला आम्ही भुंगी म्हणतो.

नवऱ्याची बदली झाली आणि तो शनिवार-रविवारचा पाहुणा झाला. पाळणाघर गावाच्या एका टोकाला, माझा दवाखाना दुसऱ्या, आणि मधे सगळं जग गाड्या घेऊन उभं. मी पोचायचे तेव्हा बाकीची मुलं गेलेली असायची. खिडकीशी बूट घालून, दप्तर पाठीला लावून भुंगी एकटी. पाळणाघर चालवणाऱ्या मावशी कधी रागावल्या नाहीत. "आली का उशिराची आई?" एवढंच हसून म्हणायच्या. ते हसणं घरापर्यंत टोचत राहायचं. भुंगी मात्र मानेला मिठी मारून विचारायची, "ए आई, तू हरवलीस का गं?"

घरी जाताना पुन्हा तीच कोंडी. त्या कोंडीत मी तिला गोष्टी सांगायचे, शिष्टाचार शिकवायचे. घरातल्यांना तू म्हणायचं, बाहेरच्यांना तुम्ही.

"आणि बाबाला?"

"बाबालाही तूच."

"पण बाबा तर बाहेरचा आहे."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही.

नव्या गाडीवरून आमचं वाजलं तेही फोनवरच.

"दोन दारांची? लेकुरवाळ्या बाईनं?" तो म्हणाला. "कोंडी काय उडून पार करणारेस?"

"माझा अर्धा दिवस रस्त्यात जातो. तुझा नाही जात."

"हौस आली म्हण ना सरळ."

"आली हौस. मग?"

म्हैस भंगारवाल्यानं नेली. नवी गाडी, म्हणजे मला नवी, एका टापटीप गृहस्थांकडून घेतली. गर्द निळी, बुटकी, जमिनीला पोट लावून बसलेली. कुठे ओरखडा नाही.

"एवढी छान गाडी का विकताय?" मी विचारलं.

"मुलं मोठी झाली."

"अरे वा. किती मोठी?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली, परत ठेवली, परत काढली. "ते मला नक्की नाही सांगता यायचं," म्हणाले. घटस्फोट झालेला असणार, असं मी मनाशी धरलं आणि टायरांचं विचारलं.

खोटं कशाला बोलू, मला ती गाडी फार आवडली. तिचा खर्ज थेट पाठीच्या कण्यातून वर यायचा. सिग्नलला लोक वळून बघायचे. आई झाल्यापासून मला कुणी वळून बघितलं नव्हतं. बघितलंच तर खांद्यावरचा दुधाचा डाग बघितला होता. भुंगीला मात्र मागच्या चिंचोळ्या जागेत सुईत दोरा ओवावा तशी ओवावी लागायची. इंजिनाच्या आवाजात गोष्टी सांगता येईनात. आणि आत खायचं नाही, असा नियम मीच केला. कातडी सीट होती.

पहिल्याच दिवशी मी लवकर पोचले. रस्ता तोच, कोंडी तीच, तरी मुलं अजून खाऊ खात होती. मावशींनी डोळे मोठे केले. "सूर्य कुठे उगवला आज?"

भुंगीनं माझ्याकडे बघितलं आणि परत खिडकीकडे तोंड केलं. "आई यायचीये अजून."

सगळे हसले. मीही हसले. तिला उचलायला गेले तर खिडकीचे गज धरून बसली. शेवटी वाट बघितली. मुलं गेली, उन्हं भिंतीवरून उतरली, आणि एकाएकी तिचं बोट वर गेलं. "आली!" मग शहाण्यासारखी माझा हात धरून बाहेर आली.

"तुमच्या उशिराची सवय लागलीये हो तिला," मावशी म्हणाल्या. पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

असं रोज होऊ लागलं. बोट वर गेल्याशिवाय भुंगी जागची हलायची नाही. शनिवारी तिला दवाखान्यात नेऊन तिचे कान तपासले, अगदी उत्तम. माझेही सहकारी मैत्रिणीकडून तपासून घेतले. तेही उत्तम. मग सोमवारी भुंगीचं बोट वर गेलं तेव्हा मावशी पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या, "ती बघा, आली तुमची गाडी," आणि थबकल्या. "इश्श, काय बोलतेय मी. सवयीनं म्हणाले. ती धून वाजली ना, म्हणून."

मी कान दिला. गल्लीत काही वाजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला फोन केला. "ती केव्हाच तुकडे होऊन गेली, ताई," तो म्हणाला. "तुमच्या मागच्या सीटमधून मुंग्या किती निघाल्या, माहितीये?"

त्या आठवड्यात भुंगीच्या झग्यावर चुरा दिसायला लागला. खाऊला बिस्किटं नव्हती, गाडीत खायला बंदी होती. मी झटकला. रात्री कुशीत शिरून ती म्हणाली, "ती हत्तीची गोष्ट मस्त होती." कुठली, मी विचारलं. तिनं सांगितली, शेवटापर्यंत. चष्मा हरवलेल्या हत्तीची ती गोष्ट माझीच होती, खूप दिवस डोक्यात घोळत असलेली. शेवट सुचला होता, पण सांगायला वेळच झाला नव्हता.

आणि मी आणखी आणखी लवकर पोचत होते. आधी खाऊच्या वेळेला, मग मुलं अंगणात खेळत असताना, मग ती दुपारची झोपलेली असताना. पेशंट कमी होते, रस्ता मोकळा होता, असं काहीबाही मी स्वतःला सांगत राहिले. एके दिवशी मुद्दाम रेंगाळले. पेट्रोल भरलं, काचा पुसून घेतल्या, नदीकाठी गाडी लावून रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत बसून राहिले. मग निघाले. पाळणाघराशी उतरले तेव्हा लख्ख ऊन होतं आणि माझी सावली पायाशी गोळा झाली होती. आत सतरंज्यांवर मुलं ओळीनं झोपलेली. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दवाखान्यातच ठेवून मी बसनं गेले. अंधार पडल्यावर पोचले. फाटकाला कुलूप. मावशींनी वरच्या खिडकीतून डोकावून बघितलं.

"काय राहिलं का हो?"

"भुंगी?"

"अहो, नेलीत की मघाशी! रोजच्यासारख्याच धापा टाकत आलात." त्या हसल्या. "बरं वाटलं पण. हल्ली ती दुसरी कोण बाई येते ना लवकर, तिच्याबरोबर जायला पोर कुरकुरते."

मी घरी कशी पोचले ते आठवत नाही. दार कुलूपबंद होतं. आत भुंगी तिच्या पलंगावर झोपली होती, पांघरूण हनुवटीपर्यंत, मुठीत अर्धं बिस्किट. केसांची वेणी घातलेली, चार पेडांची, जी मला येते आणि जिला हात लावायला मला वेळ होत नाही. ओट्यावर दुधाचा कप धुऊन पालथा घातलेला. दांडी भिंतीकडे. मी घालते तसा.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी सगळीकडे बघितलं, कपाटांतसुद्धा.

नवऱ्याला फोन लावला. "अगं, आत्ताच तर बोललो आपण," तो म्हणाला. "काय झालं? मघाशी किती छान बोलत होतीस. पूर्वीसारखी."

"काय बोलले मी?"

"काही नाही. दमलेय म्हणालीस. उशीर झाला म्हणालीस. हे बघ, गाडीवरून मी जे बोललो ते विसर. म्हैस विकली नाहीस ते बरंच केलंस."

त्यानंतर मी बसनं गेले नाही. आता त्या दुसरीच्या आधी पोचणं भाग होतं. जेवणाची सुट्टी झाली की काम टाकून निघायचे, निळ्या गाडीत बसायचे आणि तिला हवं तसं पळू द्यायचे. एका दुपारी भुंगीला मी गजांवरून बोटं सोडवून उचलून आणलं. गाडीत ती रडली नाही. हात मांडीवर ठेवून, पाव्हण्यांकडे बसतात तशी बसली. घरी आल्यावर तिच्या आवडीचं सफरचंद कापून दिलं, सालं काढून, होड्या करून. तिनं दोन होड्या खाल्ल्या आणि बशी बाजूला सरकवली.

"अहो," ती म्हणाली, "मला घरी कधी सोडणार?"

"हे घरच आहे राणी."

"हो," ती समजुतीनं म्हणाली. "तुमचं."

मी तिला छातीशी धरलं. तिनं धरू दिलं. तिच्या मानेला दुधाचा आणि ओल्या मोज्यांचा वास येत होता. मी तो पोटभर घेतला. रात्रभर तिच्या उशाशी बसले. झोपेत तिनं एक पाय माझ्या मांडीवर टाकला, नेहमी टाकते तसा, आणि मला वाटलं, अजून सगळं गेलेलं नाही.

सकाळी ठरवलं, आज ओढून आणायचं नाही. तिच्याबरोबर बसायचं. जे काही येतं ते मला बघू दे, आणि त्याला मला.

मी पोचले तेव्हा मुलं झोपली होती. भुंगी एकटी जागी, खिडकीशी. पायात बूट, पाठीला दप्तर. मावशींनी माझ्याकडे बघितलं ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अगदी अदबीनं.

"कुणाला न्यायला आलात?"

मी भुंगीकडे बोट दाखवलं. मावशी गोंधळल्या. त्यांनी भुंगीकडे बघितलं, आणि भुंगीनंच मला वाचवलं. शेजारची छोटी लाल खुर्ची तिनं पुढे सरकवली.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली. "आई येईलच इतक्यात."

मी बसले. गुडघे हनुवटीशी आले.

मुलं उठली. खाऊ झाला. एकेकाची आई आली, बाबा आले. उन्हं भिंतीवरून उतरत गेली. भुंगी गुणगुणत होती आणि मी तिच्या कानामागचा तीळ बघत होते. हात पुढे केला असता तर पोचला असता.

मावशींनी दिवा लावला.

गल्लीच्या तोंडाशी काहीतरी झालं. आवाज म्हणावा इतकंही नाही. काचेपलीकडची माणसं ज्या आवाजाला डोळे मिटून, कपाळाला आठी घालून बोट वर करावं की नाही असा विचार करतात, तेवढं.

धून होती. शेवटचा सूर उतरलेला.

भुंगीचं बोट वर गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुम्हालाही ऐकू आलं?"

तेव्हा मी बघितलं, माझंही बोट वर होतं.

फाटकाची कडी वाजली. भुंगी उठून धावली.

"ए आई!"

मी ओ दिली. पण माझ्या आधी बाहेरून कुणीतरी ओ दिली होती, धापा टाकत, उशीर झालेल्या आवाजात.