आठ नंबरचा व्हॉल्व्ह

आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेला अध्यक्ष होते, नऊ संचालक होते, वडवणीच्या अंगाला तीन किलोमीटर पाइपलाइन होती. पाणी तेवढं नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. सचिव या नात्यानं मी कोरड्या संस्थेच्या सभा वेळेवर घेत होतो.

लाइनमन बंकट मात्र रोज सकाळी बाराही व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडायचा, गंजून अडकू नयेत म्हणून. मग पाइपाला कान लावायचा. त्याच्या उजव्या मांडीतही एक नळी होती. चार वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली रक्तवाहिनी चेंगरली, तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी कृत्रिम जोडली होती. तिथं मार लागू देऊ नका, एवढंच बजावलं होतं.

वैशाखात तो आठव्या व्हॉल्व्हवर वाकलेला असताना चारा छावणीतून सुटलेल्या बैलाची लाथ नेमकी त्या मांडीवर बसली. कातडी फुटली नाही. पाऊल मात्र गार पडत गेलं.

बीडला डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली. नाडी नव्हती. नळीत रक्त गोठलंय, दुपारी उघडून बघू, नाही जमलं तर पाय काढावा लागेल, म्हणाले. त्याची बायको भामाबाई तळवा चोळत राहिली.

बंकट मला म्हणाला, "साहेब, आठ नंबर बंदच राह्यला. तेवढा उघडा."

"कोरड्या लाइनीत उघडून काय होणार?"

"उघडा तर. त्याला सभा लागत न्हाई."

मी परत आलो. आठ नंबरचे चौदा आटे फिरवले. तो लावायचा तसा पाइपाला कान लावला.

आत ठोके होते.

माझेच असतील म्हणून मनगट धरलं. माझे जलद होते. आतले सावकाश.

तेवढ्यात भामाबाईचा फोन आला. पावलात नाडी लागत होती, ऑपरेशन थांबवलं होतं. डॉक्टर मात्र तपासणीची फिल्म पुन्हा पुन्हा उजेडात धरत होते. नळी होती तशीच बंद होती.

नंतर बंकटनं आठ नंबर कधी बंद केला नाही.

पुढच्या वर्षी धरण भरलं. लाइन आधी तपासू, असं मी सभेत म्हणालो. काय तपासायचं, ते सांगता आलं नाही. पंप लगेच सुरू करायचा ठराव एकमतानं झाला. अध्यक्षांनी पंपाला हार घातला.

आम्ही लाइनीच्या शेवटच्या तोंडाशी उभे होतो. पाइप खोकला. पाणी आलं.

मी हात घातला.

अंगाइतकं कोमट होतं.

मागं लिंबाखाली बसलेला बंकट बायकोला म्हणत होता, "पाय जरा गार पडलाय. घोंगडी टाक गं."