तिनाचा आठ कसा झाला?

शाळेची व्हॅन चोरीची कशी असेल? रोज सकाळी सातला ती रेवाच्याच दारातून निघायची आणि चालवायचे रेवाचे बाबा!

तरीही २०३८ सालच्या दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी शिवडोंगर शहरातल्या मोठ्या चौकात पोलिसांनी ती अडवली. आत बारा मुलं होती. "किल्ली द्या, खाली उतरा," उपनिरीक्षक मुजावर म्हणाले. चौकातल्या कॅमेऱ्याने ही गाडी चोरीची असल्याचं कळवलं होतं. बाबा मान खाली घालून उतरले. रेवाला रडू आवरेना. कागदपत्रं पाहिल्यावर मुजावरांनी हात जोडले, "चूक झाली, दादा." पण शाळेत व्हायचं तेच झालं. दिवसभर सगळे तिला 'चोरांची व्हॅन' म्हणून चिडवत राहिले.

संध्याकाळी रेवाने वासंतीआत्याला गाठलं. आत्या शास्त्रज्ञ होती, यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवायची. तिने व्हॅनची नंबरप्लेट निरखली आणि हसली.

"विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी, आकडे पिवळे. दसऱ्याच्या पूजेच्या हारातली झेंडूची पिवळी पाकळी नेमकी इंग्रजी तिनाला चिकटलीय बघ. तिनाची उघडी बाजू बंद झाली, की काय दिसतं?"

"आठ!"

"आणि तो आठचा नंबर चोरीच्या गाड्यांच्या यादीत असणार. कॅमेरा आपल्यासारखा वाचत नाही गं. तो आकार ताडून बघतो, अंदाज करतो आणि त्या अंदाजाला खात्रीचे गुण (तो बरोबर असण्याची शक्यता) देतो."

"पण तो हजारात एकदाच चुकतो म्हणे!"

"शहरात रोज लाखभर गाड्या धावतात. सांग, चुका किती?"

रेवाने बोटांवर हिशेब केला. "शंभर? रोज?"

"त्यातल्या बहुतेक चुका कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पण एखादा चुकलेला नंबर यादीतल्या नंबराशी जुळला, की तुझ्या बाबांसारखं होतं."

रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात सभा भरली. पोलिसांनी हे कॅमेरे वापरावेत की नाही?

भाजीवाल्या शकूमावशी तावातावाने म्हणाल्या, "माझा चोरीला गेलेला टेम्पो या कॅमेऱ्यानेच तासाभरात शोधून दिला. काढाल तर खबरदार!"

निवृत्त शिक्षक खोत सर उठले. "मी कुठे जातो-येतो, याची नोंद पोलिसांनी का ठेवावी? मी काय गुन्हा केलाय?"

टाळ्या दोघांनाही पडल्या. मग आत्याने कोपराने ढोसलं, तशी रेवा उभी राहिली.

"कॅमेरा काढू नका. पण त्याचा अंदाज म्हणजे निकाल नाही. गाडी अडवण्याआधी माणसाने फोटो बघावा. आणि यादीत नसलेल्या गाड्यांची नोंद त्याच दिवशी पुसून टाकावी."

मागून मुजावर म्हणाले, "त्या दिवशी मी फोटो बघितला असता, तर हिच्या बाबांना उतरावं लागलं नसतं. मुलगी बरोबर बोलतेय."

सहा महिने याच नियमांनी कॅमेरे चालवून बघायचं ठरलं. खोत सरांनीही हात वर केला.

पुढच्या आठवड्यात मुजावरांनी रेवाला, बाबांना आणि आत्याला पोलिसांचा नियंत्रण कक्ष दाखवायला बोलावलं. ते तिथे असतानाच पडद्यावर सूचना आली : चोरीची गाडी, खात्री एकसष्ट टक्के. मुजावरांनी फोटो मोठा केला. आकड्यावर चिखल उडाला होता; त्याखालचा खरा आकडा वेगळाच होता. "जाऊ दे त्यांना," ते म्हणाले. बाबांनी समाधानाने मान हलवली.

"आत्या, धड दिसलं नाही, तर अंदाज करण्याऐवजी कॅमेऱ्याने स्वतःच तसं सांगायला नको का?"

"ते अजून कुणाला नीट जमलेलं नाही."

रेवाने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मग मला शिकव. मी त्याला शिकवते."