एकशे ऐंशी जणांची पंगत

लग्न लागून पाऊण तास झाला, तरी पंगतीतल्या एकाही माणसाचा घास तोंडापर्यंत पोचला नव्हता. सरपंचांची जिलबी ओठांपासून चार बोटांवर अडकली होती. एका काकांचा ठसका अर्धाच लागला होता. आणि कुमुदआजी हातात परात घेऊन वाकल्या होत्या, त्या वाकलेल्याच.

हे सगळं घडत होतं मुक्ताच्या संगणकावर. ‘आपलं गाव’ हा जीवनानुकरणाचा खेळ होता (ज्यात पडद्यावरची माणसं आपापलं आयुष्य जगतात). तिनं आणि आजीनं मिळून त्यात एकशे ऐंशी माणसं वसवली होती. आजीनं पहिल्यांदा स्वतःलाच घातलं, चष्म्यासकट. मग गावाला एक नियम लावला: पंगतीत प्रत्येकानं प्रत्येकाला आग्रह करायचा.

आजी जाऊन आता आठ महिने झाले होते.

पडद्यावर पाटी आली: ‘गावात गर्दी झाली आहे. सर्वांत जुने रहिवासी काढून टाकायचे का?’ यादीत पहिलं नाव कुमुदआजींचं. मुक्तानं अकराव्यांदा ‘नाही’ दाबलं.

“आजोबा, हा डबा आजीला काढायला सांगतोय!”

आजोबांची तीस वर्षं हवामानाचे अंदाज काढणाऱ्या संगणकांजवळ गेली होती. त्यांनी पाटी वाचली, चष्मा खिशात घातला आणि म्हणाले, “मग डब्यालाच काढू. चल.”

चालकाविना धावणाऱ्या रिक्षानं दोघं सांगलीतल्या दुकानात पोचली. तिथं सेवक-सात नावाचा यंत्रमानव विक्रेता होता. त्याच्या छातीवर कायमचं हसू रंगवलेलं होतं.

“या ताई, या काका! खेळासाठी ना? मग हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग) घ्याच. तीन पंखे! शिवाय इंद्रधनुष्यी दिवे!”

“दिवे कशाला?”

“शोभेला, काका.”

“आमच्याकडे लग्न आहे खरं,” आजोबा म्हणाले, “पण ते आत आहे. लावून दाखव.”

मुक्तानं पेनड्राइव्हमधून आणलेलं गाव त्या यंत्रावर चढवलं. काय ते रूप! जिलबीतला पाक चमकत होता, सरपंचांच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. मात्र जिलबी अजून चार बोटांवरच होती.

“आता नीट दिसतंय, की कोणी हलत नाहीये,” मुक्ता म्हणाली.

“कारण रंगारी चांगला आणून भागत नाही,” आजोबा म्हणाले. “माणसानं काय करायचं, हे ठरवतो प्रोसेसर (संगणकाचा विचार करणारा भाग). तो आपला आचारी. एकशे ऐंशी जणांनी उरलेल्या एकशे एकोणऐंशींना आग्रह केला, तर किती झाले?”

मुक्तानं बोटानं काउंटरवर गुणाकार केला. “बत्तीस हजार दोनशे वीस! बाप रे, आजी!”

“मग सोळा कोअरचा प्रोसेसर घ्या,” सेवक-सात लगेच म्हणाला. “कोअर म्हणजे स्वतंत्र विचार करणारा भाग. एकदम सोळा आचारी!”

तोही लावून पाहिला. जिलबी बोटभर पुढं सरकली आणि थांबली.

मुक्ता रडकुंडीला आली. आजोबांनी मात्र काउंटरवरची बिस्किटांची बशी उचलली आणि यंत्रमानवापुढं धरली.

“घ्या हो.”

“मी खात नाही, काका.”

“असं सगळेच म्हणतात. मुक्ता, आता तू आग्रह कर.”

“अहो, एक तरी घ्या!”

“खरंच नको, ताई.”

“बघितलंस? त्यानं ‘नको’ म्हटल्याशिवाय तुला ‘एक तरी’ म्हणताच आलं नाही. या खेळात प्रत्येक आग्रह आधीच्या उत्तरावर अवलंबून आहे. सोळांपैकी पंधरा आचारी हात बांधून उभे राहतात. आपल्याला थोडे चालतील, पण चपळ हवेत.”

“आणि कोणी काय खाल्लं, हे कुठं लक्षात राहतं?” मुक्तानं विचारलं.

“रॅममध्ये (हाताशी असलेली तात्पुरती स्मृती). तो स्वयंपाकघराचा ओटा. ओटा लहान असला, की आचारी प्रत्येक वाटीसाठी कोठीच्या खोलीत पळतो.”

“म्हणजे आचारी चपळ, ओटा मोठा आणि रंगारी साधा!” मुक्ता म्हणाली.

“त्यापेक्षा आग्रहाचा नियमच बंद केला तर?” सेवक-सातनं विचारलं.

“नाही!” दोघं एकदम ओरडली.

त्यानं निमूटपणे सांगितलेले भाग जोडले. “दिवे अगदीच नकोत?” एवढं मात्र पुटपुटला.

खेळ सुरू झाला. सरपंचांनी जिलबी खाल्ली. काकांचा ठसका पुरा झाला. आणि कुमुदआजी सरळ झाल्या, पुढच्या पानापाशी गेल्या, सरपंचांचा मुलगा ‘नको’ म्हणेपर्यंत थांबल्या आणि तरीही त्याला दोन जिलब्या वाढून मोकळ्या झाल्या.

“तश्शीच,” आजोबा म्हणाले.

बराच वेळ ते पंगत बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “यात अजून एक माणूस मावेल?”

“कितीतरी मावतील. एकामुळं फक्त तीनशे साठ आग्रह वाढतील. निम्मे त्यानं करायचे, निम्मे त्याला होणार.”

“तिचा धरून?”

“तिचा धरून,” मुक्ता म्हणाली आणि नव्या रहिवाशाच्या पाटीवर आजोबांचं नाव लिहू लागली.