सावरी बुडत नाही

अल्ताफभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात लाईट गेली नसती, तर त्या दुपारी मी माझी पानं उचलून मुकाट घरी आले असते. पण आषाढातला पाऊस कामरगावच्या स्टँडवर असा कोसळत होता की समोरची जीपसुद्धा दिसेना. मशीन अर्ध्यात बंद पडलं. दुकानात उरलो आम्ही तिघं… अल्ताफभाई, मी, आणि शर्टाच्या आत रजिस्टर लपवून कोरडं ठेवणारा एक उंच, ओलाचिंब मुलगा.

"लाईटचा काही भरोसा नाही. जेवढे निघाले तेवढे घ्या आपापले," म्हणत अल्ताफभाईंनी अंदाजानेच दोन गठ्ठे केले.

माझ्या हातातल्या पहिल्याच कागदावर लिहिलं होतं, 'म्हैस, वय सहा वर्षे, गाभण.' मी दचकून वर पाहिलं. माझं पान त्याच्या हातात होतं. आणि तो ते वाचत होता! एकेका चौकटीवर ओलं बोट न टेकवता, नुसतं वरून फिरवत.

"माझं आहे ते," मी म्हणाले.

"हो…" त्याने मान वर केली नाही. "पुढं काय झालं? बाई बुडाली का?"

"नाही बुडत."

"मंग ठीक हाये." त्याने खरोखर सुटकेचा श्वास सोडला. मला हसू आलं. पण तेवढ्यात तो म्हणाला, "चित्रं लय जबरदस्त हायेत. फक्त हा हेला चुकला."

आमच्याकडे रेड्याला हेला म्हणतात. माझ्या गोष्टीतला हेला चंद्रासारख्या शिंगांचा होता, नदीच्या तळाशी राहणारा. त्याच्यावर मी तीन आठवडे घालवले होते.

"काय चुकलं?" माझा आवाज जरा चढलाच.

"तुमचा हेला घोड्यासारका उठून राह्यला. पुढचे पाय पहिले. हेला मागचे पाय पहिले उचलते, मंग पुढचे." तो ओशाळून हसला. "मी ढोराच्या दवाखान्यात हाये ना, दिवसभर तेच पाह्यतो. सकाळी या, दाखवतो."

अशा आमंत्रणावर कोणती मुलगी जाईल? मी गेले.

त्याचं नाव प्रसेनजित. गाव आसेगाव, नोकरीला कामरगावात येऊन जेमतेम चार महिने. सकाळी आठला दवाखान्याच्या आवारात चिखल, शेणाचा वास आणि पंधरा-वीस म्हशी. तो एका बसलेल्या म्हशीजवळ उकिडवा बसला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, पाठीवर हलकेच थाप मारली… आणि ती उठली. मागचे पाय पहिले.

"पाह्यलं?"

मी पाहिलं होतं. पण खरं सांगू? मी त्याचे हात पाहत होते. केवढे मोठे, खरबरीत हात, आणि सुई टोचताना किती अलगद! म्हशीला कळायच्या आत काम झालेलं.

"काय सांगता तुम्ही तिच्या कानात?"

"सांगतो, का बाई, आज एक चित्रवाली आली, जरा नीट उठजो."

मी वहीत तोंड खुपसलं. कान मात्र गरम झाले होते.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. 'धुक्याची सात राज्यं' ही पाच भागांची कादंबरी मी बारावीत असताना वाचली होती. जादूगार, उडते किल्ले, हरवलेला राजपुत्र… मी वेडी झाले होते. तिसऱ्या भागात सावरी नावाची एक नावाडीण येते. ती राजपुत्राला पुरातून पार नेते आणि दोन ओळींत मरते. 'नावाडीण बुडाली. राजपुत्र पुढे निघाला.' बस्स! त्या दोन ओळी मला सहनच झाल्या नाहीत. म्हणून मी कॉमिक काढायला घेतलं. त्यात नदीचा हेला सावरीला पाठीवर घेऊन वर येतो, आणि पुढची गोष्ट तिची होते. पहिल्याच पानाच्या तळाशी मी लिहिलं होतं, 'मूळ गोष्ट लेखिकेची, तिला सलाम. सावरीला जगवलं ते धम्मदीपाने.'

"म्हंजे तुमचं नाव धम्मदीपा," तो म्हणाला. "म्या इचारलंच नव्हतं."

त्याने पाचही भाग माझ्याकडून नेले. लसीकरणाला गावोगाव फिरताना डब्यासोबत पुस्तक. आठवड्याने परत द्यायला आला तेव्हा रागावलेला होता.

"राजपुत्रानं मांगं वळून बी नाही पाह्यलं? येकदा बी?"

"नाही ना!"

"कसा माणूस हाये थो…" तो खरंच दुखावला होता. तेव्हाच बहुधा मी त्याच्या प्रेमात पडले. पण हे मला बरंच नंतर कळलं.

मी पानं इंटरनेटवर टाकायला लागले, दर रविवारी एक. त्याआधी शनिवारी तो दवाखाना बंद करून, मी चित्रं काढत बसायचे त्या ग्रंथालयात यायचा आणि माझ्या समोरच्या बाकावर बसून काळ्या जागा शाईने भरायचा. रेषेबाहेर कधीच जायचा नाही. भरता भरता मध्येच थांबायचा.

"तू हे पाण्याचं कसं काढतं? पेनानं काढलेलं पाणी वलं कसं वाटते?"

"तुम्ही शाई भरा गुपचूप."

"भरून राह्यलो ना. पाहू बी नाही का?"

आणि तो पाहत राहायचा. पानाकडे की माझ्याकडे, ते वर मान करून तपासायची माझी हिंमत व्हायची नाही.

माझी सावरी वऱ्हाडी बोलायची. मुद्दाम नव्हे. मी संवादाचा फुगा काढला, त्यात शब्द लिहायला गेले आणि ते माझ्या आईच्या आवाजातच आले. 'मले बुडवनारं पानी अजून कोण्या नदीत आलं नाही.' पहिल्या सहा पानांना लोकांनी भरभरून प्रेम दिलं. सातव्या पानाला काय झालं कुणास ठाऊक. कादंबरीच्या चाहत्यांच्या एका मोठ्या गटात कुणीतरी ते टाकलं आणि शेरे पडायला लागले. 'नावाडीण अशी गावठी बोलेल का?' 'एवढ्या सुंदर मालिकेची माती केली.' 'आधी शुद्ध मराठी शिका, मग कॉमिक काढा.' एकाने तर सावरीच्या तोंडचं वाक्य घेऊन त्याचा विनोद केला. त्याला एवढी पसंती, की माझ्या सगळ्या पानांना मिळूनही आली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी सगळी पानं काढून टाकली. फोन बंद केला. वह्या कपाटात, कपाटाला कडी.

पाचव्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. मी आतल्या खोलीतून आवाज ओळखला.

"काकू, थे… बकरीचं लसीकरण राह्यलं होतं तुमच्याकडलं."

"आमच्याकडं बकरी नाही बाप्पा," आई म्हणाली.

"नाही का? मंग… गाय?"

"गाय बी नाही."

मी उशीत तोंड दाबून हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा. माझ्या आईचं नाव वच्छला, आणि तिच्यापासून आजवर कुणालाच काही लपवता आलेलं नाही. ती म्हणाली, "बस. चहा ठेवतो. धम्मे, बाहेर ये व, तुयासाठी लस आली."

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. मला पाहताच उठला.

"काहून काढून टाकलं?"

"वाचलं ना तुम्ही सगळं?"

"वाचलं. त्याइचं राहू दे. माया इचार कर. इंझोरीत परवा कॅम्प होता. म्या झेरॉक्सचे पानं बॅगीत ठेवतो, थे तुले माईत नाही. बाया ढोरं घेऊन रांगेत उभ्या. ललिताबाई म्हून येक हायेत, त्याइनं पानं मांगतले अन् मोठ्यानं वाचले. सबन रांग आयकून राह्यली. सातव्या पानावर थांबल्या, अन् मले म्हनतात, पुढचं दे." तो पुन्हा खुर्चीच्या कडेवर टेकला. "म्या म्हटलं, शुक्रवारी आनतो. आता मी त्याइले काय सांगू?"

"खोटं नाही ना हे?"

"चाल मंग. सोता पाह्य."

चहाचा कप ठेवत आई म्हणाली, "जाय. पण दिवस बुडाच्या आत वापस."

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. मी कपाटाची कडी काढली. आठवं पान, नववं, दहावं… हात दुखेपर्यंत काढलं. दहाव्यात सावरी पलीकडच्या काठावर स्वतःचा घाट बांधते आणि राजपुत्राचे सैनिकच पार न्यायची विनंती करत रांगेत उभे राहतात.

इंझोरीत कडुनिंबाखाली ढोरं बांधलेली. ललिताबाई साठीच्या, हिरव्या काठाचं लुगडं, एका हातात म्हशीचा दोर. दुसऱ्या हाताने त्यांनी पानं घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि वाचायला लागल्या. सावरी त्यांच्या तोंडून बोलायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिलेली वाक्यं अशी ऐकू येतात हे मला कुठे माहीत होतं! सैनिकांच्या रांगेपाशी बाया खदखदून हसल्या. शेवटचं पान वाचून ललिताबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हे तू काढलं?"

"हो आजी."

"अन् लोकाइनं नावं ठेवले म्हून बंद केलं?" त्यांनी पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली. "हे बाई माया वानी बोलते. म्या आजलोक माया वानी बोलणारी बाई कागदावर पाह्यली नव्हती. बंद नको करू."

माझे डोळे भरून आले. मी तिथेच, कडुनिंबाखाली उभी राहून, फोनवरून जुनी सात आणि नवी तीन, दहाही पानं टाकली.

प्रसेनजित दोन म्हशींच्या मधून पाहत होता. हातात भरलेली सुई, आणि चेहऱ्यावर असा अभिमान, जणू चित्रं त्यानेच काढली होती. ललिताबाईंची नजर त्याच्यावरून माझ्यावर, माझ्यावरून त्याच्यावर फिरली.

"अन् हा पोरगा तुया कोन लागते व?"

सगळी रांग आमच्याकडे वळली.

"मी… मी तं सरकारी…" प्रसेनजित अडखळला. "लसीकरणाच्या… कामासाठी…"

एवढा मोठा माणूस, आणि कानापर्यंत लाल! मला वाटलं होतं, हे शब्द कधी बोलायची वेळ आली तर मी घाबरेन, पानभर आधी लिहून काढेन. पण ते सरळ आले.

"माया हाये," मी म्हणाले.

बाया अशा हसल्या की म्हशींच्या दोन वगारी दचकून उड्या मारायला लागल्या. प्रसेनजितच्या हातून कापूस पडला, तो उचलायला वाकला तर रजिस्टर पडलं. पुढच्या तीन म्हशींची नावनोंदणी त्याने एकाच रकान्यात केली, ती मला नंतर खोडावी लागली.

परतताना कामरगावच्या अलीकडे पाऊस आला. बारीक, उन्हातला. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन चमकत होतं. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली, पण मागे वळला नाही.

"दीपा…"

"काय?"

"तू थे तिथं जे म्हटलं… बायाइसमोर… थे खरं होतं, का असंच?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले…" त्याने हँडल घट्ट धरलं होतं. "मले पयल्या दिवसापासून वाटते. दुकानातून निंगालो तवा म्या माये कागद तिथंच इसरलो, अन् तुया पानाइचाच इचार करत गेलो. पण तू येवढी हुशार… म्या म्हटलं, आपुन शाई भराव. तेवढंच लय हाये."

पाऊस माझ्या पापण्यांवर होता. मी त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. तो एकदम स्थिर झाला.

"इकडे पाहा."

तो वळला.

"खरं होतं," मी म्हणाले.

"मंग थे तिथं म्हटलं तसं अजून येक डाव म्हन ना… आता कोनीच नाही आयकाले."

आणि मी म्हटलं.